पाणजाईच्या डोहातलं केंदाळ

आम्ही कोयनेच्या जंगलात शिरलो ते शिकारीला नाही, आणि गुप्तधन शोधायलाही नाही. जोतीरामचं वल्हं परत मिळवायला शिरलो! हसणारे हसोत. ज्याच्या बापानं आणि आज्यानं त्याच वल्ह्यावर अख्खा गाव ऐलतीर-पैलतीर केला, त्याच्या हातातून ते काढून घेणं म्हणजे काय, हे हसणाऱ्यांना कळायचं नाही.

आमची पाणवाडी कऱ्हाडच्या खाली, कृष्णेच्या काठाला. जोतीराम आमचा नावाडी. पंचेचाळीसच्या पावसाळ्यात, नदी तांबडी होऊन वाहत असताना, त्याची नाव भर पाण्यात उलटली. सात माणसं गेली. त्यात माझा धाकटा भाऊ शिदू होता. जोतीराम तेवढा वाचला, आणि तोच त्याचा गुन्हा ठरला! तो बापडा सांगत राहिला, "वरनं हिरव्या गवताचं बेट आलं, खळ्याएवढं. नावंवर चढलं आन् नाव दाबली." गावानं ऐकून घेतलं आणि ठरवून टाकलं, की गडी प्यालेला होता. गवतानं कुठं नाव बुडते? आप्पासो पाटलांनी त्याचं वल्हं चावडीच्या भिंतीला टांगलं आणि नाव परगावच्या माणसाच्या हाती दिली. वर्षभर जोतीराम चावडीवरून खाली मान घालून जायचा.

मी तेव्हा आसामात, पलटणीत. लढाई संपली, सुटून घरी आलो, तर आईनं आधी शिदूचं सांगितलं आणि मग जोतीरामचा उद्धार सुरू केला. मी मध्येच विचारलं, "आई, त्या गवताला फुलं हुती का गं? जांभळी?"

"मला काय ठावं! त्या मुडद्याला इचार जा."

गेलो. जोतीराम मला बघून उठला आणि हात जोडून उभाच राहिला. त्याची बायको बनुबाई दाराआड झाली. तिला वाटलं असेल, भावाचा सूड उगवायला आलाय.

"लालासाहेब, तुमचा भाऊ माज्या नावंत गेला. मारायचं तर मारा."

"ते ऱ्हाऊ दे! फूल कसलं हुतं ते सांग."

"जांभळं. वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका. मोराच्या पिसाला डोळा असतो न्हवं, तसा."

मी ते ओळखलं. आमच्या कंपनीचं निम्मं आयुष्य तेच गवत ओढण्यात गेलं होतं. आसामात त्यानं ओढे-नाले असे गच्च केलेले, की रसदीच्या होड्या अडकून पडायच्या. साहेब त्याला शिव्या द्यायचा आणि आम्ही साहेबाला. मराठी गड्यांनी त्याला आपल्याकडचं केंदाळ हेच नाव ठेवलं होतं. एक रोप टाका, पावसाळा संपेस्तोवर तळं भरतं. देठात हवेचे फुगे, म्हणून बुडत नाही. मुळ्या मुळ्यांत अशा गुंततात, की कुत्रं वरून चालत जातं. ते नाव उलटवेल का म्हणता? अहो, ते पूल पाडतं!

दुसऱ्या दिवशी मी चावडीवर जाऊन तोफ डागली. पाटील मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "लालासाहेब, तुमी भाऊ गमावलाय, म्हनून ऐकून घेतो. ते गवत दावा मला. मुळासकट! मग वल्हं माज्या हातानं काढून देतो."

"दावतो! आन् नुसतं दावत न्हाई. जिथनं येतंय तिथनं उपटून काढतो. न्हाईतर औंदाच्या पुरात पुन्यांदा नाव जाईल, तवा कुनाला प्यालेला म्हनशीला?"

मृगाच्या आत परतायचं होतं. बनुबाईनं भाकरी बांधून दिल्या आणि एवढंच म्हणाली, "मुळासकट आना, दादा. मला गावात तोंड वर करून पानी भरायचं हाय."

*

कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. तिथं आम्ही दोन्ही काठ धुंडाळले. कृष्णेच्या अंगाला काही नव्हतं. कोयनेच्या अंगाला मात्र बाभळीच्या मुळ्यांत अडकून वाळलेले काळे झुबके होते. जोतीरामनं एक उचलला, हुंगला आणि म्हणाला, "हेच! चला वर."

पाटणपर्यंत गाडीनं, पुढं हेळवाकपर्यंत पायी. जोतीरामच्या पाठीवर काथ्याचे दोन दोर आणि वाळक्या भोपळ्यांची माळ. ते भोपळे काखेत बांधून तो कुठल्याही डोहात उतरायचा. हेळवाकला कोंडीबा नावाचा धनगर भेटला. गडी कोयनेच्या खोऱ्यातच जन्मलेला, पण बोलायला महाकंजूष. वाट दाखवशील का विचारलं, तर नुसता काठी उचलून चालायला लागला!

पुढं जंगल सुरू झालं. कारवीची गच्च झाडी, अंगावर आली की कपडे फाडल्याशिवाय सोडायची नाही. खाली कोयना उन्हाळ्यानं आटलेली, एका डोहातून दुसऱ्या डोहात जेमतेम पाझरणारी, आणि दोन्ही बाजूंना डोंगर इतके उभे, की सूर्य उशिरा यायचा आणि लवकर जायचा. डाव्या-उजव्या हाताला ओढे येऊन मिळत. प्रत्येक ओढ्याच्या तोंडाशी तोच प्रश्न, की केंदाळ ह्यातून आलं की वरून? पाण्यात तर कुठंच हिरवं पान दिसेना. माझं डोकं तापलं. मी म्हटलं, "आता काय देवाला इचारायचं व्हय?"

"पान्यात बघू नगा," जोतीराम म्हणाला. "फांद्यांत बघा. गेल्या साली पूर कुठवर चढला हुता, ते झाडं सांगत्यात."

आणि खरंच! आमच्या डोक्याच्या वर, उंबराच्या आणि जांभळीच्या फांद्यांत, पुरानं अडकवलेल्या वाळक्या मुळ्या लोंबत होत्या. मग आम्ही माना वर करूनच चालायला लागलो. मुळ्या जिथं संपल्या, तिथून उलटे फिरलो आणि मागं टाकलेला एक अरुंद ओढा धरला.

त्या ओढ्याच्या घळीत गवा आडवा आला. कोंडीबानं हात वर केला आणि आम्ही जागच्या जागी थिजलो. समोर काळा पहाड! पांढरे पाय पाण्यात, मान खाली. वारा आमच्याकडून त्याच्याकडं फिरला. त्यानं मान उचलली. फुस्स! एकच फुत्कार. मागं पळायला वाट नाही. वर चढायला कडा. कोंडीबा मुकाट डोहात उतरला, गळ्याइतका. त्याच्यामागं आम्ही! गवा काठावर येऊन उभा राहिला. खुरानं दगड उडवले. माझ्या मांडीला जळवा लागत होत्या, एकापाठोपाठ एक, आणि मला हलता येत नव्हतं. बराच वेळ त्यानं आमची परीक्षा घेतली, मग कंटाळला आणि झाडी मोडत वर निघून गेला.

बाहेर येऊन मी जळवा उपटत शिव्या देत होतो. कोंडीबा त्या दिवसातलं पहिलं वाक्य बोलला, "शिव्या हळू घाला. फुडं आईची राई हाय."

*

घळ संपली आणि आम्ही थबकलो. समोर देवराई होती. अंजनाची, हिरड्याची, जांभळीची झाडं, इतकी जुनी, की दोघांनी हात धरले तरी कवेत येऊ नयेत. खाली पाचोळ्याचा गादीसारखा थर आणि अशी शांतता, की आपण आपोआप हळू बोलावं. राईच्या मधोमध डोह होता. म्हणजे असला पाहिजे! पाणी दिसतच नव्हतं. ह्या काठापासून त्या काठापर्यंत हिरवंगार कुरण, आणि त्यावर जांभळ्या फुलांचे तुरे. ऊन पडलं होतं, फुलांवर माश्या गुणगुणत होत्या. इतकं देखणं, की मला थुंकावंसं वाटलं.

आमच्यासमोरच एक भेकर राईतून आलं. त्याला ते कुरणच वाटलं. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि पुढचे पाय आत गेले. एकदाच ओरडलं. हिरवं उघडलं आणि मिटलं. पानं थोडा वेळ हलत राहिली. जोतीरामनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

"असंच," तो म्हणाला. "नावंचं असंच झालं हुतं."

मी कोयता उपसून पुढं झालो, तोच मागून आवाज आला, "ए! लोखंड भाईर ठेव!" राईचा गुरव होता. म्हातारा, काटकुळा, पण आवाज सुभेदाराचा. त्याला आम्ही सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं आणि मान हलवली.

"राईतली वाळली काटकी बी कुनी उचलत न्हाई. डोहातलं आईचं हाय. पाणजाईचं."

"आवं, आईचं कसलं? आईच्या उरावर बसलंय ते!" मी ओरडलो. "हे आमच्या आसामातलं. हितं कुनी आनलं?"

गुरव दगडावर बसला. "खालच्या वाडीतला एक पोरगा पलटनीत हुता. बंगालातनं सुट्टीवर आला, तवा मडक्यात पानी घालून हे फूल घेऊन आला. आईला नवस हुता त्याचा. असलं फूल हिकडं कुनी बघितलं न्हवतं. त्यानं वाहिलं, आन् रोप डोहात सोडलं. परत गेला तो गेलाच. तार आली. आता मेलेल्या पोराचं फूल आमी कसं उपटावं? तुमीच सांगा."

मी जोतीरामला बाजूला घेतलं. "म्हातारा वाडीवर गेला की काढायला लागू. कोयत्यानं तुकडं पाडू."

"न्हाई," जोतीराम म्हणाला. "एकदा लबाड ठरलोय. आता चोर बी ठरू? आईलाच इचारू. कौल लावू."

गुरवानं देवीच्या पाषाणाला पाणी लावून दोन पाकळ्या चिकटवल्या, एक उजवीकडं, एक डावीकडं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आणि पाकळ्या कसल्या घेतल्या असतील? केंदाळाच्याच! ज्याच्यावर खटला, त्यालाच पंच नेमलं!

जोतीरामनं मुंडासं काढून ठेवलं. "आई, माज्या नावंत सात जन बसलं हुतं. त्यास्नी मी पार न्हाई नेलं. तुज्या डोहातलं हे तिथवर आलं हुतं. पुन्यांदा येऊ देऊ नगंस. मला दुसरं कायबी मागायचं न्हाई."

पाकळ्या हलेनात. ऊन सरकलं. डावी पाकळी खालून सुटायला लागली. ती अर्धी सुटली, लोंबली, आणि तेवढ्यात उजवी टपकन पडली.

गुरवानं हात जोडले. "काढा. पर राईत लोखंड न्हाई, आन् आग न्हाई. भाईर कातळावर न्या, तिथं काय ते करा."

*

लोखंडाशिवाय केंदाळ काढून बघा एकदा! मुळ्या हातांनी तोडायच्या, झुबके खांद्यावर घ्यायचे आणि राईबाहेरच्या कातळावर नेऊन उन्हात पसरायचे. एक झुबका म्हणजे ओल्या गोणीएवढं ओझं. हाताची सालटी निघाली. पाण्याला कुजका वास, बोटांना चिखल, झुबक्यात कधी बेडूक तर कधी साप. कोंडीबा न बोलता बैलासारखा राबला. जोतीराम भोपळ्यांवर तरंगत दोर टाकायचा, आम्ही काठावरून ओढायचो. पहिल्याच दिवशी त्यानं डोहाच्या तोंडाशी, दोन खडकांच्या मध्ये, एक दोर आडवा ताणून बांधला होता.

"हे कशाला रं? पाऊस कुठाय?" मी चिडवलं.

"मी नावाडी हाय, गड्या. मला कोरड्या नदीत बी पूर दिसतो."

दिवसामागून दिवस गेले आणि निम्मा डोह मोकळा झाला. काळं, खोल पाणी दिसायला लागलं. गुरव रोज काठावर बसून बघायचा.

मग एका दुपारी आभाळ भरून आलं. वळीव! डोंगरावर आधी कोसळला, आमच्यावर नंतर. घळीतून लोंढा आला, तांबडा, दगड लोळवत. डोह बघता बघता चढला. उरलेलं केंदाळ काठापासून सुटलं. सगळं एकसंध! सावकाश फिरलं, आणि तोंडाकडं निघालं.

ते तिथून निसटलं असतं तर आमचा घाम वाया. घळ, कोयना, कऱ्हाड, कृष्णा, आणि शेवटी पाणवाडीची नाव! दोर ताणला. करकरला. पलीकडच्या खडकाला बांधलेली गाठ सरकायला लागली.

जोतीरामनं भोपळे काखेत बांधले आणि दुसरा दोर अलीकडच्या खडकाला बांधून त्याचं टोक दातांत धरलं.

"जोतीराम, मागं फिर! फिर मागं!"

त्यानं दोर हातात घेतला आणि हसला. गावी आल्यापासून पहिल्यांदा हसताना पाहिला मी त्याला. "गेल्या खेपंला माज्याजवळ दोर न्हवता!"

उडी मारली. लोंढ्यानं त्याला खडकावर आपटलं. उठला. पलीकडं पोचला. गाठ मारली. एक, मग दुसरी. दोन्ही दोर ताठ झाले. केंदाळ थांबलं! मी आनंदानं ओरडलो. पण मागचं पाणी थांबत नव्हतं. बेटाची कड उचलली. वर आली. आणि घडी पडावी तशी जोतीरामवर पालथी पडली.

मी पाण्यात. कोंडीबा पाण्यात. हातांनी ओरबाडलं, दातांनी तोडलं. मुळ्या तुटेनात! कोयता, माझा धार लावलेला कोयता, राईच्या वेशीवर दगडाखाली पडला होता. मी देवीला शिव्या दिल्या, गुरवाला दिल्या, त्या मेलेल्या पोराला दिल्या. दोर मात्र तुटले नाहीत. जोतीरामची गाठ होती ती.

पाणी उतरलं तेव्हा तो सापडला. एका मुठीत दोराचं टोक होतं. दुसऱ्या मुठीत केंदाळाचं एक रोप, मुळासकट.

मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिलो. गुरव आला, त्यानं जोतीरामच्या मुठीतलं रोप पाहिलं. मग धोतर खोचलं आणि स्वतः डोहात उतरला. त्यानं आयुष्यात राईतलं पान तोडलं नव्हतं. त्याला बघून खालच्या वाडीची माणसं उतरली, बायका उतरल्या. सगळं केंदाळ कातळावर गेलं. पान न् पान वेचलं. उन्हं पडली, वाळलं, आणि मी माझ्या हातानं पेटवलं. जोतीरामला आम्ही कोयनेच्या काठी अग्नी दिला. अस्थी मडक्यात घेतल्या, आणि त्याच्या मुठीतलं रोप ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या पलटणीतल्या डब्यात ठेवलं. पाटलांना दाखवायचं होतं ना!

*

वाटेत फूल सुकलं. पानं मात्र तशीच तरतरीत. मरायचं नाव घेईना ते!

चावडीवर सगळा गाव जमला. पाटलांनी परातीत पाणी घेऊन रोप त्यात ठेवलं. रोप तरंगलं. त्यांनी ते बोटानं दाबलं, ते पुन्हा वर आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा वर. पाटलांचा चेहरा उतरला. त्यांनी उठून भिंतीवरचं वल्हं काढलं आणि जोतीरामच्या भावाच्या, धोंडीच्या हातात दिलं. "जोतीराम प्यालेला न्हवता," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "चूक गावाची. माजी." माझ्या आईनं तोंडाला पदर लावला.

मी म्हटलं, "आता ते द्या हिकडं. जाळून टाकतो."

बनुबाई पुढं आली. डोळ्यांत पाणी नव्हतं. "त्यांच्या मुठीतलं हाय ते. दहाव्यापातूर माज्याजवळ ऱ्हाऊ द्या." कोण नाही म्हणणार? पाटलांनी ते तिच्या ओंजळीत दिलं. मी तिला बजावलं, "वहिनी, पान्याजवळ न्यायचं न्हाई. दहावा झाला की मी येऊन जाळनार." तिनं मान हलवली.

दहाव्याला सगळे घाटावर होतो. मृग बरसला होता, कृष्णेला नवं पाणी आलं होतं. पिंड मांडला. बाभळीवर कावळे येऊन बसले, पण एकही खाली येईना. धोंडी म्हणाला, "दादा, वल्हं आपल्याच घरात ऱ्हाईल." पाटील म्हणाले, "तुजं नाव धुतलं रं, जोतीराम." कावळे ढिम्म. ऊन चढलं. लोक माझ्याकडं बघायला लागले.

मी पुढं झालो. "जोतीराम, गड्या, केंदाळ संपलं. एक पान बी ऱ्हायलं न्हाई."

कावळ्यानं मान वाकडी केली आणि तिथंच बसला.

तेव्हा बनुबाई पुढं आली. पदराखालून तिनं ते रोप काढलं आणि पिंडाशेजारी पत्रावळीवर ठेवलं. "बघा," ती म्हणाली. "तुमी आनलंसा. मुळासकट."

कावळा उतरला. थेट पिंडावर. घाटभर हुंदका फुटला. पाटील रडले, मी रडलो. आणि डोळे पुसतोय तोवर धोंडीनं पत्रावळ उचलली, कंबरभर पाण्यात गेला, आणि रिवाजाप्रमाणं सगळं सोडून दिलं. पिंड, फुलं, आणि ते रोप!

"आरं, नगं!" मी किंचाळलो. "ते नगं!"

"पिंडाबरोबरचं मागं घेत न्हाईत!" पाटलांनी माझा हात धरला. चार जणांनी धरलं. मी बनुबाईकडं पाहिलं. ती हात जोडून उभी होती, वाहत्या पाण्याकडं बघत, आणि मी गावी आल्यापासून पहिल्यांदा तिचा चेहरा शांत होता.

मी हिसडा दिला. उडी मारली. नवं पाणी, ओढ जबर. रोप पुढं, मी मागं. भोवऱ्यात फिरलं. हात टाकला. निसटलं! पुन्हा टाकला. मिळालं! मुळ्यांना भाताची शितं चिकटलेली होती. काठावर आलो, कुणाला काही न विचारता गोवऱ्या पेटवल्या आणि ते त्यात घातलं. ओलं होतं, जळता जळेना. मी फुंकर घालत बसलो आणि सगळा गाव माझ्याकडं बघत उभा राहिला.

"माज्या मानसाच्या तोंडातला घास काढलासा," बनुबाई म्हणाली. ते तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

गाव म्हणतं, जोतीरामचा जीव त्या रोपात अडकला होता, ते दिसलं म्हणून कावळा शिवला. मी म्हणतो, मी खोटं बोललो म्हणून तो आधी शिवला नाही! एक रोप राहिलं होतं, आणि ते कुठं आहे हे त्यानं दाखवलं. कुणी मानत नाही. न मानो! माझ्या हातचं पाणी पाणवाडीत आता कुणी घेत नाही. मेलेल्याचा पिंड ओरबाडणारा म्हणून लेकरांना माझी भीती घालतात.

केंदाळ पुन्हा आलं नाही. दरसाल पुरात मी काठावर उभा राहून बघतो. ओंडके येतात, फेस येतो. हिरवं काही येत नाही.

परवा, एकोणपन्नास सालच्या लग्नसराईत, नावेत बसलो होतो. धोंडी वल्हवत होता. तो माझ्याशी बोलत नाही, नावेत तेवढा घेतो. विट्याकडचा एक पाहुणा शेजाऱ्याला सांगत होता, "ह्याचाच भाऊ न्हवं तो? पिऊन नाव उलटिवली म्हनं. सात जन बुडिवलं."

धोंडीचं वल्हं थांबलं. नावेतलं एक माणूस बोललं नाही. दहाव्याला घाटावर रडलेले दोघं तिघं त्यात होते!

"केंदाळानं उलटली!" मी उठून ओरडलो, नाव डुलली. "हे एवढं बेट आलं हुतं! ह्या हातांनी काढलंय मी ते!"

पाहुणा दचकला. त्यानं काठावर हात टेकून वाकून पाण्यात पाहिलं, मग वरच्या अंगाला पाहिलं, मग खालच्या. नदी लख्ख होती. तळाची वाळू दिसत होती.

"कुठं हाय केंदाळ?" त्यानं विचारलं.

धोंडीनं वल्हं पुन्हा पाण्यात घातलं.